कर्जत–खोपोली: थेट लोकल मागण्याआधी मिनिटं जुळवा

प्रश्न खोपोलीच्या प्रवाशांचा आहे. कर्जत–खोपोली मार्गावर दिवसा दोन गाड्यांमध्ये कधी तासाचं, कधी त्याहून मोठं अंतर पडतं. दुपारच्या गाड्या निम्म्याही भरत नाहीत. गाड्या वाढवा म्हटलं की ‘प्रवासी कुठे आहेत?’ असं उत्तर येतं. मग दुहेरीकरण मागावं, की सीएसएमटीहून थेट खोपोली लोकल वाढवून मागाव्यात?

आत्ता दोन्ही मागू नका. दोन्ही मागण्यांना ‘नाही’ म्हणणं रेल्वेला फार सोपं जातं. त्याऐवजी एकाच रेकवर (म्हणजे डब्यांच्या एकाच संचावर), आहे त्या एकेरी मार्गावर, दर तासाला ठरलेल्या मिनिटाला सुटणारी शटल, म्हणजे फक्त कर्जत–खोपोली ये-जा करणारी गाडी, मागा आणि ती कर्जतला मुंबईच्या लोकलशी जुळवून मागा. हे कसं बसतं आणि कुठे अडतं ते खाली मांडतो.

थेट लोकलचा हिशेब आधी संपवू. सीएसएमटी ते कर्जत १०० किलोमीटर, पुढे खोपोली १५. थेट गाडीची जाऊन-येऊन फेरी पाच तासांच्या वर जाते. तेवढ्या वेळात तोच रेक कर्जत–खोपोलीच्या पाच फेऱ्या मारतो. शिवाय कल्याणहून कर्जतकडे दोनच मार्गिका आहेत आणि त्यांवर पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस, मालगाड्या, बदलापूर आणि कर्जतच्या लोकल अशी सगळी खिचडी धावते. नव्या थेट लोकलसाठी या गर्दीत नवा पाथ, म्हणजे वेळापत्रकातली मोकळी जागा, शोधावा लागतो. कल्याण–बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका पूर्ण झाली तरी बदलापूरच्या पुढचा प्रश्न उरतोच. शटलला यातलं काही लागत नाही, तिचा पाथ कर्जतला सुरू होतो आणि खोपोलीला संपतो.

तरीही थेट गाडीची मागणी का होते, हे समजून घेतलं पाहिजे. खोपोलीकराला गाडी बदलण्याचा कंटाळा असतो हे खरं, पण त्याहून मोठं कारण बसायला जागा हे आहे. थेट गाडीत तो खोपोलीला खिडकी पकडतो. शटलने कर्जतला आला तर कर्जतहून सुटणारी लोकल आधीच भरलेली असते. म्हणून सकाळ-संध्याकाळच्या ज्या थेट गाड्या आहेत त्यांना हात लावू देऊ नका. बोलायचं ते उरलेल्या सोळा-सतरा तासांबद्दल.

आता मुख्य गणित. कर्जत–खोपोली धावण्याचा वेळ साधारण २५ मिनिटं. एकेरी मार्गावर एकच रेक फिरतो असं धरलं तर २५ मिनिटं जाणं, ५ मिनिटं थांबणं, २५ येणं, ५ थांबणं: बरोबर ६० मिनिटं. कागदावर तासाची गाडी बसली. प्रत्यक्षात दुपारपर्यंत कोलमडेल, कारण बारा डब्यांची गाडी अडीचशे मीटरहून थोडी लांब असते. मोटरमनने या टोकाची केबिन बंद करून, फलाटावरून गर्दीतून चालत त्या टोकाला जाऊन, केबिन सुरू करून ब्रेकची चाचणी घ्यायची म्हणजे सहा-सात मिनिटं जातात. पाच मिनिटांत हे होत नाही. दर फेरीला दोन-दोन मिनिटं साचत जातात आणि चौथ्या फेरीला कर्जतची जोडगाडी (तिथे बदलून पकडायची लोकल) चुकते. मग वेळापत्रक आखणारा काय करतो? फेरी ७५ किंवा ९० मिनिटांची धरतो. ७५ मिनिटांच्या फेरीत सुटण्याचं मिनिट दर वेळी बदलतं, ते कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि ज्या गाडीची वेळ लक्षात राहत नाही तिच्यासाठी माणूस स्टेशनवर येत नाही; नाक्यावर जी टमटम दिसेल ती पकडतो. दुपारच्या गाड्या रिकाम्या धावण्याचं मोठं कारण हेच आहे.

म्हणून लक्ष्य असं ठेवा: २२ + ८ + २२ + ८. म्हणजे धावण्याच्या वेळेतून तीन मिनिटं काढायची आणि टोकांना द्यायची. नमुना मग असा दिसतो: कर्जतहून दर तासाच्या ०६ व्या मिनिटाला सुटणार, खोपोली २८, खोपोलीहून ३६, कर्जत ५८. पहाटे ४:३६ ला खोपोलीहून पहिली, रात्री १२:०६ ला कर्जतहून शेवटची. जाण्या-येण्याच्या वीस जोड्या, दिवसाला ६०० किलोमीटर, एक रेक. रात्री १२:२८ ते पहाटे ४:३६ मार्ग मोकळा, म्हणजे रूळ आणि ओव्हरहेड वायरच्या कामाला तीन-साडेतीन तासांचा ब्लॉक रोज मिळतो. ही गोष्ट प्रस्तावात ठळक लिहा. जास्त गाड्यांची मागणी आली की इंजिनिअरिंग विभागाचा पहिला विरोध ब्लॉकवरून असतो.

तीन मिनिटं खरंच निघतात का? १५ किलोमीटरला २५ मिनिटं म्हणजे सरासरी ताशी ३६. मध्ये पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी असे चार थांबे. गाडी थांब्यांच्या मध्ये नुसती ताशी ६० ने धरली, वेग घेण्या-सोडण्यात जाणारा वेळ मोजला आणि प्रत्येक थांब्याला अर्धा मिनिट दिलं, तर साधारण वीस मिनिटं होतात. ८० धरली तर सोळा-सतरा. म्हणजे पाचेक मिनिटं कुठेतरी मुरतात. ती कुठे, हे मोजल्याशिवाय बोलू नका. मोबाइलवरचं जीपीएस चालू ठेवून वेगवेगळ्या वेळच्या दहा फेऱ्या करा. प्रत्येक थांब्याला आगमन आणि प्रस्थान सेकंदापर्यंत लिहा. गाडी मध्येच कुठे थांबली, कुठे बराच वेळ रेंगाळली ते लिहा. बहुधा चार जागा सापडतील.

पहिली जागा म्हणजे शेवटच्या टप्प्यात भरलेली राखीव मिनिटं. वेळापत्रकात उशीर भरून काढायला शेवटच्या स्टेशनाआधी मिनिटं टाकायची पद्धत जुनी आहे. गाडी रोज तीन मिनिटं आधी पोहोचत असेल, किंवा लौजीला ‘वेळ व्हायची आहे’ म्हणून उभी राहत असेल, तर ती मिनिटं तिथून उचलून टोकाच्या थांब्यात टाकता येतात. वेळ तेवढाच, पण तिथे तो उपयोगी पडतो.

दुसरी जागा सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा. १ इन १२ सांध्यावरून (दुसरा आकडा जितका लहान, तितकं वळण तीव्र) वळताना सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ३०, आणि १ इन ८.५ चा जुना सांधा असेल तर १५. लोकांना वाटतं सांधा म्हणजे दहा-वीस मीटरचा मामला. पण शेवटचा डबा सांध्याबाहेर पडेपर्यंत वेग वाढवता येत नाही. अडीचशे मीटरची गाडी ताशी ३० ने निघायला अर्धा मिनिट, १५ ने पूर्ण मिनिट. दोन टोकांना असे सांधे असले की दर फेरीला दोन-तीन मिनिटं तिथेच गेली.

तिसरी कर्जतच्या बाहेरचा सिग्नल. कर्जत हे साधं जंक्शन नाही. घाट चढायला गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात, ती लोणावळ्याहून उतरून परत येतात, यार्डात फिरतात. त्यात शटलचा फलाट अडलेला असला की गाडी बाहेर उभी. दहापैकी किती फेऱ्यांत हे झालं आणि किती मिनिटं गेली, एवढा आकडा हातात असला तर ‘शटलला दिवसभर एकच ठरावीक फलाट द्या’ ही मागणी टिकते.

चौथी जागा मामुली वाटते, पण पावसाळ्यात तीच सगळ्यात जास्त वेळ खाते. छोट्या स्टेशनांवर छत दोन-तीन डब्यांपुरतं असतं. जुलैत सगळे त्या छताखाली उभे राहतात आणि सगळे त्याच दोन दारांतून चढतात, अर्ध्या मिनिटाचा थांबा सव्वा मिनिटावर जातो. चार थांब्यांना मिळून तीन मिनिटं. इथे छताचे आणखी दोन तुकडे, फलाटाच्या दुसऱ्या टोकाजवळ, हा सगळ्यात स्वस्त वेग आहे.

टोकाच्या आठ मिनिटांसाठी कर्मचाऱ्यांची रचनाही बदलावी लागेल. मोटरमन आणि गार्ड (आता अधिकृत नाव ट्रेन मॅनेजर) यांची एक जादा जोडी कर्जतला ठेवायची. गाडी लागली की नवी जोडी दोन्ही टोकांना आधीच उभी. आलेली जोडी उतरते, पाणी पिते, पुढची फेरी घेते. यामुळे कर्जतचं टर्नराउंड, म्हणजे गाडी उलट दिशेने सोडण्याची तयारी, चार मिनिटांत होऊ शकतं, म्हणजे आठातली चार उशीर भरून काढायला उरतात. खोपोलीला तीच जोडी चालत टोक बदलते, तिथे आठ मिनिटं जेमतेम पुरतात. हिशेब: एका वेळी दोन जोड्या, तीन पाळ्या, सहा जोड्या, सुट्ट्या-रजा धरून आठ. रेल्वेचा खरा नकार इथेच येईल, ‘स्टाफ नाही’ म्हणून. तो नकार प्रामाणिक असतो, कारण मोटरमन तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून आधी सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढ्याच पट्ट्यात ही रचना मागा. जादा लागणारी जोडी मग एकाच पाळीपुरती राहते.

आता कर्जत. शटल ५८ ला येते, ०६ ला जाते. मुंबईहून येणारी लोकल ०१ पर्यंत लागली तर पूल चढून-उतरून माणूस ०६ ची शटल पकडतो. मुंबईकडे जाणारी लोकल ०३ नंतर सुटली तर शटलचे प्रवासी तिला मिळतात. म्हणजे दर तासाला कर्जतला मुंबईची लोकल साधारण तासाच्या ठोक्याला हवी. ती तशी नाही, कारण कल्याण–कर्जत लोकल मेल-एक्सप्रेसच्या मधल्या फटींत बसवलेल्या असतात. इथे बहुतेक प्रस्ताव फसतात, कारण ते प्रत्येक लोकलला शटल जोडायला जातात. तसं केलं की शटल पुन्हा ४० मिनिटांनी, मग ८५ मिनिटांनी अशी सुटू लागते आणि ठरलेलं मिनिट गेलं. माझं मत असं: गर्दीच्या वेळी लोकलला जोडा, दुपारी आणि रात्री मिनिटाला चिकटून राहा. सकाळी ज्या सहा-आठ लोकलला खोपोलीचे लोक खरोखर बदलतात, त्यांच्या वेळेप्रमाणे शटल पाच-दहा मिनिटं मागे-पुढे करा. दुपारी एखाद्या लोकलला वीस मिनिटं थांबावं लागलं तरी चालेल. माणूस चहा पिईल, पण शटल ०६ ला आहे हे त्याला पाठ असेल.

लोकल उशिरा आली तर शटलने किती थांबायचं, हा नियम लेखी हवा. आज हा निर्णय प्रसंगानुसार होतो, आणि त्यामुळे कधी समोर लोकल लागताना शटल निघून जाते, तर कधी पंधरा मिनिटं खोळंबते. मी पाच मिनिटांची मर्यादा ठेवेन. पाचाहून जास्त थांबली तर तो उशीर कर्जतच्या थांब्यातही भरून निघत नाही, आणि परतीच्या प्रवाशांची मुंबई लोकल चुकते. म्हणजे वीस जणांसाठी थांबून दुसऱ्या चाळीस जणांना मागे ठेवलं. शेवटची गाडी मात्र अपवाद. १२:०६ ची शटल वीस मिनिटंही थांबली पाहिजे, कारण तिच्या मागे काहीच नाही. आणि थांबवली तर कर्जतला येणाऱ्या लोकलमध्ये भिवपुरीच्या आसपास घोषणा व्हायला हवी, नाहीतर लोक पुलावरून जीव घेऊन धावतात.

थेट लोकल आणि शटल एकमेकांच्या आड येतात, हेही नीट बसवावं लागेल. एकेरी मार्गावर थेट लोकल खोपोलीकडे निघाली की ती परत येईपर्यंत शटल कर्जतलाच उभी. म्हणून थेट लोकल ही त्या तासाच्या शटलच्या जागी चालवायची, तिच्या जोडीला नव्हे. याचा एक फायदाही आहे. शटलचा रेक दिवसचे दिवस इथेच फिरत राहिला तर तो कारशेडला कधी जाणार? मध्य रेल्वेच्या लोकल कुर्ला, कळवा आणि सानपाडा इथे तपासल्या जातात. थेट लोकल कर्जतला आली की तिचा रेक शटल म्हणून ठेवायचा आणि जुना रेक मुंबईकडे सोडायचा, अशी अदलाबदल रेक लिंकमध्ये (कुठला रेक कुठल्या गाड्या चालवणार त्या तक्त्यात) ठरलेली असली की तपासणीचा प्रश्न सुटतो. बिघाडासाठीही एक ओळ लिहून ठेवा: शटल बंद पडली तर पुढची कर्जत लोकल खोपोलीपर्यंत न्यायची. नाहीतर एक रेक बिघडला म्हणजे अख्खी शाखा बंद.

बारा डबे कशाला, सहा चालतील, असं काही जण सुचवतात. नको. वेगळ्या लांबीचा रेक म्हणजे वेगळी लिंक, वेगळा राखीव रेक, आणि वर सांगितलेली अदलाबदल संपली. रिकामे डबे ओढायला वीज लागते, पण त्याहून महाग पडतो फक्त एकाच मार्गाला चालणारा रेक.

प्रवासी कोण, हा प्रश्न उरला. सीएसएमटीला जाणाऱ्यांवर ही शाखा जगणार नाही. खोपोलीहून नवी मुंबईला जायचं तर रस्त्याने पनवेल गाठून हार्बर पकडणं सरळ पडतं. रेल्वेने कर्जत, कल्याण, ठाणे असा वळसा बसतो. तिथे रेल्वेने झगडू नये. कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याणकडचे विद्यार्थी आणि नोकरदार, आणि उलट दिशेने खोपोलीच्या कारखान्यांत येणारे कामगार, हे शाखेचे हक्काचे प्रवासी. वरचा नमुना पाळ्यांवर घालून बघा: ६:२८ ला खोपोलीत पोचलेला माणूस सातच्या पाळीला गेटवर असतो, तीनला सुटलेला ३:३६ पकडतो, अकराला सुटलेला ११:३६ ला निघून बारापर्यंत कर्जतला. स्टेशन ते कारखाना हा टप्पा शेअर रिक्षांचा आहे, त्यांना फक्त दर तासाला २८ व्या मिनिटाला गाडी येते एवढं माहीत असलं की पुरे. रिक्षा स्टँडवर तसा बोर्ड लावा. महडच्या वरदविनायकाला येणाऱ्यांची रविवार आणि चतुर्थीची गर्दी वेगळी मोजा, तिच्यावर रोजचं वेळापत्रक बेतू नका.

मोजणीबद्दल थोडं. तिकीटविक्रीचा आकडा या शाखेला न्याय देत नाही. कल्याणला काढलेलं रिटर्न तिकीट कल्याणच्या खात्यात जातं. तीन महिन्यांचा पास एकदाच दिसतो. म्हणून माथी मोजा. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस. सणाचा आठवडा, शाळेची सुट्टी टाळून. रविवार स्वतंत्र, तोही मेगाब्लॉक नसलेला. प्रत्येक मधल्या स्टेशनला एक माणूस, खोपोलीला दोन, कर्जतच्या पुलावर तीन. तक्त्यात गाडीची वेळ, उशीर, चढले, उतरले, आणि एक रकाना जो कोणी ठेवत नाही: शटल सुटल्यानंतर पाच मिनिटांत धावत आलेले किती. चुकलेली जोडगाडी दाखवणारा हाच आकडा आहे, आणि ‘प्रवासी कुठे आहेत’ याचं उत्तर बहुतेक त्या रकान्यात असतं.

अर्ध्या तासाची गाडी कधी? तेव्हा दुसरा रेक आणि मध्ये एक क्रॉसिंग (दोन गाड्या एकमेकींना ओलांडतील अशी जागा) लागेल, पूर्ण दुहेरीकरण तरीही लागणार नाही. दोन्ही रेक ०६ ला आणि ३६ ला दोन टोकांहून एकाच वेळी निघाले की ते १७ आणि ४७ ला भेटतात, म्हणजे प्रत्येक टोकापासून ११ मिनिटांवर. लूप, म्हणजे बाजूचा जादा रूळ, तिथेच हवा. किलोमीटरने मध्य काढू नका, मिनिटांनी काढा. दोन मिनिटं इकडे-तिकडे झाला तर एक गाडी प्रत्येक वेळी चार मिनिटं ताटकळते. फलाट बारा डब्यांना पुरेल असा, पण पुढे पंधरा डबे येतील हे धरून ३३० मीटर. स्टार्टर सिग्नलपुढे (फलाटावरून गाडी सोडणाऱ्या सिग्नलपुढे) १२० मीटर ओव्हरलॅप, म्हणजे गाडी चुकून पुढे सरकली तरी मोकळी असलेली जागा. ही पुढची जागा कंजूषीने कापली तर दोन्ही गाड्या एकदम आत घेता येत नाहीत; एक पूर्ण थांबल्यावर दुसरी आत येते आणि दोन-तीन मिनिटं जातात. दोन स्टेशनांमधल्या सिग्नलच्या ब्लॉकला अ‍ॅक्सल काउंटर हवेत, म्हणजे चाकं मोजून शेवटचा डबा गेला याची खात्री आपोआप होते. आणि पादचारी पूल पहिल्या दिवसापासून, कारण तिथे दोन गाड्या समोरासमोर उभ्या असणार आणि लोक रुळावरून जाणार.

पनवेल–कर्जत उपनगरी मार्गिका सुरू झाल्यावर खोपोली–पनवेल थेट लोकल हवी, अशी मागणी नक्की येईल. पनवेलहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला तोंड न फिरवता पुढे जातात, आणि खोपोलीही त्याच बाजूला आहे, त्यामुळे सुचवणं सोपं आहे. पण खोपोलीचा माणूस रस्त्याने थेट चौकला जातो, गाडी मात्र त्याला आधी कर्जतला नेऊन मग चौकला आणणार. इथेही ०६ आणि ५८ ला पनवेलची गाडी जुळवली की भागतं.

हे सगळं मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाच्या ऑपरेटिंग शाखेकडे आणि विभागीय रेल्वे उपयोगकर्ते सल्लागार समितीमार्फत द्या, दोन पानांत. पहिल्या पानावर ०६–२८–३६–५८ चा तक्ता, दुसऱ्यावर तुमची दहा फेऱ्यांची नोंद आणि माथ्यांची मोजणी. मागणी सहा महिन्यांच्या प्रयोगाची, फक्त १० ते ५ च्या पट्ट्यात. प्रयोग पावसाळ्यात सुरू करू देऊ नका. ऑक्टोबरात सुरू करा, म्हणजे मार्चपर्यंत कोरडे महिने मिळतात आणि जूनच्या आधी छतांचं काम करून घ्यायला दोन महिने राहतात.